अप्पांचा नेव्ही ब्लू

चन्नाप्पांनी मुलीसाठी आलेल्या पहिल्या स्थळाला, म्हणजे साक्षात नवऱ्या मुलाला, हातात चहाचा कप असताना घराबाहेर उन्हात उभं केलं होतं. मुलाच्या मामाला वाटलं, आता हाकलून देतात. अप्पा म्हणाले, "तसं काय न्हाई हो. ट्यूबलाईट खोटं बोलती. उन्हात बघितलेलं बरं." मुलगा उन्हातही बरा दिसला, लग्न झालं. तो जावई अजून सासरी आला की दारापासून लांब, आतल्या खोलीतच बसतो.

उदगीरच्या आमच्या गल्लीत अप्पांचं ब्लाऊजपीसचं दुकान आहे, 'मॅचिंग सेंटर'. मी समोर राहतो, शाळेत गणित शिकवतो. बाई साडी घेऊन आली की अप्पा एका हातात साडीचा काठ, दुसऱ्या हातात कापडाचा ताका घेऊन थेट पायरीवर येतात. कपाळावरची विभूती घामानं ओली होईपर्यंत बघतात आणि मग म्हणतात, "न्हाई ताई, ह्यात दोन आण्याचा फरक हाय." रंगातला फरक ते अजून आण्यातच मोजतात. बाई म्हणते, चालेल हो. अप्पा म्हणतात, "तुमाला चालंल. मला चालत न्हाई." न जुळणारं कापड जुळलं म्हणून त्यांनी कधी कुणाच्या गळ्यात मारलं नाही.

दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली त्याच आठवड्यात बेंगळुरूहून मुलाचं, राजूचं पार्सल आलं. त्यांची बायको, अक्का, गेल्यापासून अप्पा एकटेच, म्हणून राजूनं मोबाईल, मनगटावरचं घड्याळ आणि कानात घालायच्या त्या बोंड्यांची डबी, असं सगळं एकदम पाठवलं होतं. एकाच कंपनीचं. तिन्ही खोक्यांवर छापलेलं एकच नाव, नेव्ही ब्लू. "मुद्दाम जुळवून घेतलं म्हणला," अप्पांनी मला दहा वेळा सांगितलं, "मॅचिंगवाल्याचा पोरगा हाय मी म्हणला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दार वाजलं. माझ्या अर्ध्या गालावर साबण होता.

"सर, जरा उन्हात या."

तिन्ही वस्तू त्यांनी पायरीवर ओळीनं मांडल्या. "हे एक हाय का?"

एक नव्हतं. मोबाईल नेव्ही ब्लू होता, घड्याळ शाईसारखं होतं आणि डबी चक्क वांग्याकडे झुकली होती. पण तसं म्हटलं असतं तर अर्धा तास गेला असता, आणि माझा पहिलाच तास दहावीवर होता. मी म्हटलं, "एकच आहे की अप्पा." त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, वाद घालायला मिळाला नाही म्हणून पडला असेल.

मग त्यांनी गल्ली पालथी घातली. दूधवाला, मेडिकलवाला, पिको करणाऱ्या शकीलाबी. प्रत्येकाला एकच प्रश्न, आणि स्वतःला काय दिसतं ते मात्र कुणाला सांगायचं नाही. शकीलाबी मशिनीवरून मान वर न करता म्हणाल्या, "एकीच तो है अप्पा." हो म्हटलं की अप्पा जातात, हे सगळ्यांना कळलं होतं. शेवटी ते एस.टी.नं लातूरला गेले. तिथल्या मोबाईलच्या दुकानात विक्रेत्यानं खोक्यावरचं नाव तीनदा वाचून दाखवलं. परत आल्यावर अप्पा पायरीवर बसून एकदा हा डोळा झाकायचे, एकदा तो. येणारे जाणारे हसत होते. मीही हसलो.

रविवारी बायकोनं मला आमसुली साडी देऊन अप्पांकडे पिटाळलं. अप्पांनी साडीला हातच लावला नाही.

"पलीकडच्या दुकानात न्या, सर."

"म्हणजे?"

"माझा डोळा गेला." ते इतकं हळू बोलले की मी पुढं वाकलो. "तिन्हीत मला फरक दिसायलाय. समदी गल्ली म्हणती एकच हाय. डॉक्टर म्हणतो डोळा चांगलाय. त्यो निस्ती अक्षरं वाचायला लावतो, रंग कुठं इचारतो? उद्या एखाद्या लेकीच्या लग्नात भलत्याच रंगाचं कापड गेलं तर? गुढीपाडव्याला दुकान बंद करतो. राजूकडं जाऊन बसतो गप."

चार जणांनी आपापली घाई वाचवली आणि या माणसाचा डोळा काढून घेतला, त्यात पहिला मी. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"अप्पा, ते वेगळे आहेत."

"मन राखू नका, सर."

मी गल्ल्याजवळच्या तिन्ही वस्तू उचलल्या आणि अप्पांना दंडाला धरून उन्हात आणलं. "मोबाईल नेव्ही ब्लू. घड्याळ शाईचं. डबी वांगी. पहिल्या दिवशीच दिसलं होतं मला. दाढी उरकायची होती म्हणून खोटं बोललो."

अप्पांनी डबी माझ्या हातातून घेतली. हे रंग त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते.

"डबीत किती फरक?" त्यांनी विचारलं.

"दोन आणे."

"तीन," अप्पा म्हणाले, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. मग माझ्या हातातली साडी जवळजवळ हिसकावून घेतली, आत जाऊन कपाटातला एक ताका ओढून आणला आणि उन्हात काठाला लावला. कापड काठात मिसळून गेलं.

तेवढ्यात राजूचा व्हिडिओ कॉल आला. "अप्पा, वापरायलात का न्हाई? घड्याळ अन् डबी एकत्र धरा बरं. जुळलंय ना?"

आम्ही पायरीवर, लख्ख उन्हात होतो. नेमक्या त्याच दोन वस्तूंत सगळ्यात जास्त फरक होता. अप्पा वळले, दुकानात गेले आणि पार आतल्या भिंतीपाशी ट्यूबलाईटखाली जाऊन उभे राहिले. घड्याळ आणि डबी त्यांनी मोबाईलसमोर धरली.

"एकदम मॅचिंग हाय बाळा," ते म्हणाले. "मला सुदिक असं जमलं नसतं." आणि मी काही बोलायला दारातून आत येतोय असं दिसताच त्यांनी मोकळ्या बोटांनी मला तिथंच थांबायची खूण केली.