मुळात धूळ

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत गाडी धुतली नाही म्हणून नोटीस मिळालेले तावडेकाका हे एकमेव सभासद. नोटीस मीच काढली होती. मी सेक्रेटरी आहे आणि मला हौस आहे.

त्यांच्या गाडीवर इतकी धूळ, की रंग विचारावा लागे. गाड्या पुसणारा बादली घेऊन जवळ फिरकला, की काका लुंगी सावरत दोन जिने उतरून येत. माणूस रबाळ्याच्या कारखान्यातून रिटायर झालेला, पण वेड शब्दांच्या कुळाचं. गाडीचा विषय काढला तर म्हणाले, "मुळात शब्द बघा. ॲबॅकस म्हणजे काय?"

मी म्हटलं, मण्यांची चौकट, पहिल्या मजल्यावर क्लास आहे. झालं, अर्धा तास उभा राहिलो. इंग्रजीने तो शब्द लॅटिनकडून घेतला, लॅटिनने ग्रीकांकडून, आणि ग्रीकांनी उचलला हिब्रूतला 'अबाक', म्हणजे धूळ. पाटावर धूळ पसरायची आणि बोटाने मोजायचं. मणी फार मागून आले. घरी येऊन मोबाईलवर पाहिलं, तर तिथे 'बहुधा' असं होतं. काकांना तसं सांगितलं.

"बहुधा म्हणजे आहेच," काका म्हणाले.

क्लासच्या मॅडम तर हल्ली त्यांना पाहून लिफ्ट सोडून देतात.

दिवाळीआधी पार्किंग धुवायचं ठरलं. मी स्वतःच पाइप घेऊन उतरलो. काका गाडीला पाठ लावून उभे होते. शब्दाचं मूळबीळ काही निघालं नाही. "मागच्या काचेवर पाणी नको," एवढंच म्हणाले आणि बाजूला झाले.

काचेवर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं होतं. त्याखाली, धुळीत बोटाने ओढलेल्या सात उभ्या रेघा.

काकू गेल्या वर्षी गेल्या. डॉक्टरांनी त्यांना पार्किंगमध्ये रोज वीस फेऱ्या मारायला सांगितल्या होत्या. मोजताना चुकायच्या, म्हणून दर फेरीला काचेवर एक रेघ. रोज पुसायच्या, दुसऱ्या दिवशीपर्यंत नवी धूळ तयार. त्या संध्याकाळी सातव्या फेरीनंतर खाली बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत. हे सगळं काकांनी मला काचेकडे बघतच सांगितलं.

मला माझी लाज वाटली. पाइप बंद केला, नोटीस मागे घेतो म्हणालो.

"नोटिशीचं काही नाही हो," काका म्हणाले. "उरलेल्या तेरा मी रोज मारतो. रेघ तेवढी काढत नाही."