सावधान म्हणेपर्यंत

भूपालदादांचं कौतुक केलं की त्यांना राग येतो. साधासुधा नाही, त्यांनीच दिलेला चहाचा कप हातातून परत घेण्याइतका येतो. माझा घेतलाय, म्हणून सांगतो.

दादा तासगावजवळचे द्राक्षबागायतदार. घरामागं बाग, बागेमागं बेदाण्याची शेड, आणि फावल्या वेळात मंगलाष्टकं रचण्याचा नाद. फावला वेळ हे मी शेजारधर्म म्हणून लिहितोय. खरं तर मंगलाष्टकं रचून वेळ उरला तर ते बाग करतात. पंचक्रोशीत कुणाचं लग्न ठरलं, की पत्रिका छापून यायच्या आत यांची अष्टकं तयार. मानधन घेत नाहीत. माईक मात्र एकदा घेतला की सोडत नाहीत.

मी मूळचा वाईचा. इथल्या एका पतसंस्थेत नोकरीला आलो आणि त्यांचा शेजारी झालो. रोज सकाळी मी तोंडात ब्रश धरून अंगणात येतो, आणि कुंपणापलीकडून दादा सुरू होतात.

"ऐक रं दिनकर. नवरदेव फलटणचा हाय." मग घसा खाकरून, एक हात हवेत:

"आला हा वर देखणा फलटणी, घेऊनि मोटार ती,
बोराला जल लागले बघुनिया, ही सोयरी जोडली..."

म्हणून झालं की ते कुंपणावर दोन्ही कोपरं टेकतात. "हां. आता खोट काढ."

पहिल्यांदा मला याचा अर्थ कळला नव्हता. मी म्हणालो, "वा दादा, फारच छान."

"छान म्हंजे?"

"म्हणजे सुंदर. काही बदलायलाच नको."

तेव्हाच तो कप गेला. चहा कुंपणाच्या मुळाशी ओतून दादा म्हणाले, "सौद्यात माल मांडला का दोन जातीची मानसं येत्यात. एक म्हनतो, 'लय भारी बेदाना', मूठभर खातो आन् फुडल्या ढिगाकडं जातो. दुसरा म्हनतो, 'देठ ऱ्हायल्यात, रंग मळलाय, दाना चिकाट हाय.' त्यो घेनार आसतो. तू खाऊन जानारा का घेनारा?"

मी घाबरून घेणारा झालो.

पण माझी अडचण अशी, की समोरच्याला वाईट वाटेल असं मला बोलताच येत नाही. कर्ज नामंजूर करायचं असलं की मी अर्जदाराला आधी सरबत पाजतो. आता तर आमच्या शाखेत सरबताचा ग्लास दिसला की लोक आपणहून उठतात. असा माणूस काय खोट काढणार? मी निरुपद्रवी खोटी शोधू लागलो. "दादा, मुलाच्या आत्याचं नाव राहिलं." "दादा, व्याह्यांच्या गावचा उल्लेख नाही."

दादा खुलायचे. "शाब्बास. हे कसं नजरंतनं सुटलं माझ्या?" आणि त्या आत्याबाईंसाठी एक अख्खं नवीन कडवं रचायचे. जुन्यातलं काही काढायचे नाहीत. बागेत घडांची विरळणी करताना हा माणूस एकेक मणी निर्दयपणे कातरतो, पण स्वतःच्या काव्यातला एक शब्द कमी करील तर शपथ.

म्हणजे माझ्या प्रत्येक खोटीनं मंगलाष्टकं वाढत होती. आणि खऱ्या खोटी दोनच होत्या. एक, ती संपत नाहीत. दोन, दादांना सूर नाही. सूर जवळून जातो, पण थांबत नाही.

उंब्रजच्या लग्नाचं पाप तर माझ्याच माथ्यावर आहे. त्या मुलाचे चुलते पुष्कळ होते, आणि ते सगळे राहिलेत हे मीच कुंपणावरून दाखवून दिलं होतं. तिसऱ्या चुलत्यापाशी लोकांच्या हातातल्या अक्षता संपल्या. मंडळी वाकून सतरंजीवरच्या वेचायला लागली. अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एकानं हात बदलला, मग खांदा बदलला, मग माणूसच बदलला. दारातल्या बँडवाल्यांना प्रत्येक 'सावधान' शेवटचं वाटायचं. ते दणक्यात सुरू करायचे, आतून कुणीतरी "न्हाई, न्हाई, आजून हाय" म्हणत धावायचं, की ट्रंपेट अर्ध्यात मान टाकायचा. नवरदेवाच्या हातातला हार सुकत चालला होता. मी मागच्या रांगेत, कुणीही विचारलेलं नसताना, मान खाली घालून उभा होतो.

बाहेर पडताना दादांनी गाठलंच. "कसं झालं?"

"मावशी राहिली," मी म्हणालो. असा मी.

मग दादांच्या प्रज्ञाचं लग्न ठरलं, सांगलीत. प्रज्ञा त्यांची एकुलती एक. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. तेव्हापासून घरात हे दोघंच. ती एका संध्याकाळी आमच्याकडं आली.

"काका, पप्पांना तुम्हीच सांगा. माझ्या लग्नात एकच कडवं म्हणायचं."

"मी?"

"ते फक्त तुमचंच ऐकतात. म्हणतात, दिनकर खोटं बोलत न्हाई."

"अगं, पण बापाची हौस..."

"सासरचे लोक हसतील त्यांना. मला हसले तर चालंल, काका. पप्पांना हसलेलं मला चालणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. दादा जाळीवरचा बेदाणा हातानं हलवत होते. मी बेदाण्याकडं बघत सगळं सांगून टाकलं. सरबत न देता सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदाच.

दादांचा हात जाळीवर थांबला. "लय लांबतंय?"

"हो."

"आन् सूर बी न्हाई?"

"नाही, दादा."

"कवापास्नं?"

"मी ऐकतोय तेव्हापासून."

त्यांनी एक देठ उचललं, बोटात फिरवलं, खाली टाकलं. "म्हंजे इतकी वर्सं तू बी मूठभर खाऊनच जात हुतास की रं." मग म्हणाले, "एकच म्हनतो. जा तू."

त्यानंतर सकाळी कुंपणापलीकडं कुणी येईना. मी मुद्दाम जास्त वेळ दात घासत उभा राहायचो. बायको म्हणाली, "हिरड्या जातील तुमच्या." पण आवाज आला नाही.

लग्नाच्या दिवशी आम्ही सकाळीच कार्यालयात पोचलो. प्रज्ञानं मला अंतरपाटाचं एक टोक धरायचं काम दिलं होतं. दादा दाराशी पाहुण्यांना टोप्या-टॉवेल देत होते. वर मांडवात विधींना त्यांचा धाकटा भाऊ आणि भावजय बसले होते. मी सहज विचारलं, "दादा, तुम्ही नाही बसलात?"

"कन्यादानाला जोडपं लागतं," ते म्हणाले, आणि पुढच्या पाहुण्याच्या डोक्यावर टोपी ठेवली.

पोरीच्या लग्नात या माणसाच्या वाट्याला मंगलाष्टकं तेवढी होती, आणि ती मी एका कडव्यावर आणली होती.

"दादा, मी चुकलो. हवी तेवढी म्हणा. अंतरपाट मीच धरणार आहे, हात मोडला तरी चालेल."

"नगं. तू बराबर बोललास. लांबतंच माझं." त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज उतरवला. "पन का लांबतं, ते सांगतो. शेवटचं सावधान झालं का अंतरपाट निगतो. तवर पोरगी बापाची आसती. समदी नवरा-नवरीकडं बगत्यात. बाप कुठंतरी खांबाला टेकून हुबा आसतो, त्याच्याकडं कुनीच बगत न्हाई. मी माईकपास्नं बगतो त्याच्याकडं. आन् मग मला बंद करवत न्हाई. वाटतं, आनकी एक म्हनूया. तेवढीच ऱ्हाईल त्याच्याकडं."

त्यांनी माझ्याही डोक्यावर टोपी ठेवली. "जा, मुहूर्त आला."

मी अंतरपाट धरला. अलीकडं प्रज्ञा, पलीकडं नवरदेव. दादांनी माईक घेतला आणि एकच कडवं म्हटलं. त्यात मोटार नव्हती, बोर नव्हतं, एकही चुलता नव्हता. आईविना वाढलेल्या एका मुलीला सुखात राहा म्हणणाऱ्या चार ओळी होत्या. बँडवाला दारात ट्रंपेट ओठाला लावून तयार होता. अक्षतांच्या मुठी वर गेल्या.

"शुभमंगल," दादा म्हणाले. आणि थांबले.

पुढचा शब्द येईना. मुठी हवेत तशाच राहिल्या. कुणीतरी खोकलं. उपाध्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं.

प्रज्ञानं मुंडावळ्या बाजूला सारून वडलांकडं बघितलं. "पप्पा," ती म्हणाली, "आणखी एक म्हणा की."

"तयार न्हाई गं," दादा माईकमध्येच बोलले, सगळ्या कार्यालयाला ऐकू गेलं.

"आठवंल तसं म्हणा."

दादांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली. सूर नव्हताच. उपाध्यांनी मला अंतरपाट खाली घ्यायची खूण केली. मी माझं टोक आणखी वर धरलं.