सात पानी धोका

"भाडं माफ करून घ्यायला काय डोंगर फोडायचाय? एक अर्ज तर लिहायचा," असं चिमणीच्या आईने चौघींसमोर छातीठोकपणे सांगितलं आणि चौघींनीही लगेच माना डोलावल्या. काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतंय म्हटल्यावर माणसाची मान फार मोकळी होते.

या पाच जणींची ओळख मुलांच्या रुग्णालयातली, एकाच वॉर्डातली. गेल्या वर्षी तापाने फणफणलेली चिमणी तिथे अकरा दिवस होती. अकरा दिवसांत तिला खेळायला काय मिळालं, तर सलाइनचा रिकामा खोका आणि एका नर्सबाईंच्या पेनाचं टोपण. म्हणून पाच जणींनी ठरवलं, वॉर्डाच्या टोकाला अडगळीची खोली आहे, तिथे खेळघर करायचं. रुग्णालयाने होकार दिला, पण महिनाअखेरपर्यंत सामान आलं नाही तर खोलीत जुन्या फायली रचणार, हेही बजावलं. पैसे उभे करायला नगरपालिकेच्या बागेत एका रविवारी जुन्या खेळण्यांची विक्री करायची होती. अडचण एकच, बागेचं भाडं. ते भरलं असतं तर खेळघरासाठी एक चेंडू उरला असता, तोही हवा गेलेला. धर्मादाय कामाला भाडं माफ व्हायचं, फक्त रीतसर अर्ज हवा.

आता चिमणीच्या आईचं शिक्षण पदवीपर्यंत होतं आणि काळजी त्याच्या बरीच पुढे गेली होती. ती द्राक्षाचेसुद्धा चार तुकडे करून द्यायची. सासूबाई म्हणायच्या, "अगं, त्यापेक्षा गाळूनच दे."

अर्ज दोन पानांचा होता. दहा रकाने सरळ पार पडले. अकराव्यात विचारलं होतं, 'कार्यक्रमात काही धोका संभवतो काय? असल्यास तपशील द्यावा.' खाली बोटभर जागा. त्या बोटभर जागेत आजवर अख्ख्या शहराने 'नाही' एवढंच लिहिलेलं. पण चिमणीच्या आईला हा प्रश्न आयुष्यात कधी कोणी विचारलाच नव्हता! घरात ती आपणहून सांगायची आणि कोणी ऐकायचं नाही. इथे तर साक्षात नगरपालिका कान टवकारून बसली होती.

दुपारी चिमणी झोपली तशी ती लिहायला बसली. उठली तेव्हा सात पानं झाली होती. रोज संध्याकाळी ती बागेत चिमणीच्या मागे सावलीसारखी असायची, त्यामुळे तिला आठवावंही लागलं नाही. झोपाळ्याच्या डाव्या साखळीची कडी झिजली आहे. बाकावर झुकलेल्या झाडाची फांदी वारा नसतानाही कुरकुरते. तळं लहान मुलाच्या कमरेइतकं खोल आहे. घसरगुंडी दुपारी तव्यासारखी तापते. एकूण एकेचाळीस धोके, मोत्यासारख्या अक्षरात.

नवऱ्याने तिसरं पान उचललं. "बदकाने चोच मारणे?"

"तळ्यात बदक आहे ना."

"एकच आहे. तेही म्हातारं."

"म्हातारीच जास्त चिडतात," ती म्हणाली, आणि सासूबाई तिथेच शेंगा सोलत बसल्या आहेत हे लक्षात येताच तिने घाईघाईने पान उलटलं.

नगरपालिकेच्या अर्ज-खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी अर्ज हातात तोलून पाहिला. एवढा जड अर्ज त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नसावा. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण मागची रांग खाकरली, तसं ते मिटून त्यांनी शिक्का मारला. ती पेढे वाटल्याच्या तोऱ्यात घरी आली.

नगरपालिकेत एक रीत असते. तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं, पण कागदावर आलेलं 'कार्यवाही केली' हा शेरा मिळाल्याशिवाय मरत नाही. एकेचाळीस धोके सात विभागांत वाटले गेले, आणि सातही विभाग कामाला लागले.

सोमवारी संध्याकाळी चिमणी बागेत धावत गेली आणि तशीच परत आली. झोपाळा वर गुंडाळून तारेने बांधला होता. "आई, झोका कोणी बांधला?"

आईने आभाळाकडे पाहिलं.

मंगळवारी तळ्यातलं पाणी उपसलं. म्हातारं बदक गाळात उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे असं पाहत होतं, जणू त्याला न विचारता त्याचं घर भाड्याने दिलंय. बुधवारी घसरगुंडीवर गोणपाट चढलं. गुरुवारी कुरकुरणारी फांदी तोडायला माणसं आली, तर फांदीच्या मागे मधमाश्यांचं पोळं निघालं. हे मात्र यादीत नव्हतं. मधमाश्यांनी तोडणाऱ्यांना फाटकापर्यंत पोचवलं, आणि फाटकाला कुलूप लागलं. पाटीवर लिहिलं होतं, 'नागरिकांच्या तक्रारीवरून बाग बंद.'

फाटकाबाहेर सकाळी फिरणाऱ्यांची सभाच भरली. त्यांचे पुढारी म्हणजे एक काठीवाले काका. गेली वीस वर्षं त्यांनी बागेची एक फेरी चुकवली नव्हती.

"कोण हा नागरिक?" काका काठी आपटत म्हणाले. "मला नुसता भेटू दे."

"असतात काही लोकं," चिमणीची आई म्हणाली. म्हणाली आणि स्वतःच्याच आवाजाला दचकली.

विक्रीचा रविवार दहा दिवसांवर आला होता, त्याच्या पाठोपाठ महिनाअखेर. माफीचा पत्ता नव्हता आणि आता बागही नव्हती. घरी खेळण्यांची खोकी छताला टेकली होती. त्यांच्यामागून नवऱ्याचा नुसता आवाज यायचा. चौघींचे फोन सुरू झाले आणि आता त्यांच्या माना डोलत नव्हत्या. शेवटी ती खिडकीवर गेली आणि भाऊसाहेबांना हात जोडून म्हणाली, माझी ती सात पानं परत द्या, मी तिथे 'नाही' लिहून देते.

भाऊसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "ताई, अर्ज मागे घेता येतो. धोका मागे घेता येत नाही."

मग मात्र तिचा बांध फुटला. रांगेसमोर, खिडकीच्या जाळीला धरून तिने सगळं सांगितलं. वॉर्ड, अकरा दिवस, पेनाचं टोपण, रात्र रात्र छताकडे बघत पडलेली मुलं, आणि आता त्या खोलीत जाणाऱ्या फायली. मी लिहिलं म्हणून हे झालं, मला लिहायचं कळत नाही, मला फक्त घाबरायचं कळतं. मागची रांग या वेळी खाकरली नाही.

भाऊसाहेब उठले. मग त्यांनी कपाटातून नियमांचं एक जाडजूड बाड काढलं, थुंकी लावून पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"भाडं कशाला लागतं? वापरात असलेल्या बागेला. तुमची बाग गुरुवारपासून वापरात नाही. मग भाडंच नाही, अन् भाडं नाही तर माफी कसली?"

"पण आत कसं जायचं?"

"सात विभागांचे दाखले आलेत, कसलाही धोका शिल्लक नाही. पोळंही काल हलवलं. असा दाखला या शहरात दुसऱ्या कुठल्याच जागेला नाही, ताई. माझ्या घरालासुद्धा नाही."

फाटक उघडायला मोठ्या साहेबांची सही लागणार होती. एरवी त्या सहीला पंधरवडा लागतो. पण साहेबांच्या दारात तीन दिवस काठीवाले काका फिरणाऱ्यांना घेऊन बसले होते, आणि बसून कंटाळा आला की कार्यालयाच्या व्हरांड्यातच फेऱ्या मारायचे. फाटक रविवारी उघडणार असं कळताच साहेबांनी कागद न वाचताच सही केली.

रविवारी काय गर्दी लोटली! दहा दिवस घरात कोंडलेली मुलं आणि त्यांना सांभाळून चेहरे उतरलेले आईबाप. झोपाळा बांधलेला, तळं कोरडं, घसरगुंडीवर गोणपाट. त्या बागेत खेळण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं. दुपारपर्यंत खोकी रिकामी झाली. विकायला नव्हतं ते मांडणीचं टेबलही एकाने नेलं. काठीवाल्या काकांनी सात फेऱ्या मारल्या, एक लाकडी आगगाडी विकत घेतली आणि जाताना चिमणीच्या आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाग उघडलीस, पोरी. उपकार झाले." तिने मान इतकी खाली घातली, की त्यांना तो विनय वाटला.

महिना संपायच्या आत खोली सजली. खाली मऊ गादी, भिंतीला ठोकळ्यांचं कपाट, खिडकीत कापडाचा हत्ती. हाताला पट्ट्या बांधलेली तीन मुलं गादीवर बसून नव्या आगगाडीच्या रुळांवरून भांडत होती. किती दिवसांनी या वॉर्डात भांडणाचा आवाज येतोय, असं म्हणत नर्सबाई दारात उभ्या राहिल्या. चिमणीच्या आईचे डोळे भरून आले. चिमणी मात्र हत्तीला मिठी मारून बसली होती आणि निघायची वेळ झाली तरी सोडायला तयार नव्हती. हे आजारी मुलांसाठी आहे, आपण आता घरी जायचं, असं आईने पुन्हा पुन्हा समजावलं.

चिमणीने सगळं नीट ऐकून घेतलं. क्षणभर विचार केला. मग अगदी गोड आवाजात विचारलं, "आई, मला परत ताप कधी येणार?"

आईने झटकन तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं. तरी तिने दुसरा हात लावून पाहिलाच.