रेडिओ तापेपर्यंत

चिरंजीवांनी वडिलांच्या गाडीतला रेडिओ कारागिराकडे दिला, तेव्हा तो बिघडलेला नव्हता. सगळं बिनसलं ते तिथूनच.

गाडी चिरंजीवांपेक्षा वयाने मोठी होती. वडिलांनी ती नोकरीत कायम झाल्यावर घेतली आणि पाणीपुरवठ्याच्या पंपघरातून निवृत्त झाले तरी तीच चालवत होते. तिच्यातला रेडिओही गाडीबरोबरच आलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा. बटण फिरवलं की आधी आत पिवळा उजेड पडायचा, मग घरघर, मग कुणीतरी लांबून खाकरल्यासारखा आवाज आणि त्यानंतर, मर्जी असेल तेव्हा, गाणं. व्हॉल्व्ह तापल्याशिवाय रेडिओ बोलत नसे आणि रेडिओ बोलल्याशिवाय वडील गाडी हलवत नसत. मग कुणाच्या शाळेला उशीर होवो, नाहीतर दवाखान्यातला नंबर जावो.

चिरंजीवांचं बालपण मागच्या सीटवर "बाबा, चला ना" म्हणण्यात गेलं होतं. मोठे होऊन ते विम्याच्या कचेरीत दावे तपासायला लागले. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या, हा त्यांचा धंदा. त्यामुळे स्वतःची चूक ओळखायचा सराव त्यांना राहिला नव्हता. वडिलांच्या वाढदिवसाला काय द्यावं, हा विचार मनात आला मात्र, आणि त्यांनी कुणाला न विचारता गाडी परस्पर दुकानात नेली.

गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्या त्या कारागिराला सगळे वूफर म्हणत, कारण त्याला हळू बोलता येत नसे.

"वरचं तोंड तसंच ठेवा," चिरंजीव म्हणाले. "तीच बटणं, तीच काच. आत मात्र ब्लूटूथ आणि गाण्यांचं कार्ड. बटण फिरवलं की गाणं ताबडतोब लागलं पाहिजे."

"ताबडतोब? अहो, बटणाला हात लागायच्या आत लावतो!" वूफर गरजला. "आतला माल ठेवायचाय का?"

"कशाला? उगाच अडगळ."

वूफरने मान डोलावली आणि पेचकस उचलला. चिरंजीव समोरच्या बाकावर बसून त्या कार्डासाठी फोनवर वडिलांच्या आवडीची गाणी जमवत राहिले.

वाढदिवसाच्या संध्याकाळी आई-वडील नेहमीप्रमाणे भाजी आणायला निघाले. चिरंजीव आणि सूनबाई कौतुक बघायला फाटकाशी उभे राहिले. वडिलांनी सवयीने बटण फिरवलं, पाठ सीटला टेकली, आणि कानाशी ट्रम्पेट कडाडला. वडील दचकले तसा त्यांचा हात भोंग्यावर पडला. भोंग्याने आई दचकली. आईच्या किंकाळीने शेजारचे काका गच्चीत आले. आवाज कमी करायला चिरंजीवांनी खिशातून फोन काढला, तर तो नेमका तेव्हाच वाजला, आणि त्यांच्या घाबरलेल्या अंगठ्याने तो उचलला.

"काय हो, आजारी आहात ना?" गाडीतून कचेरीतले साहेब साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलले. "मागे भोंगा कसला वाजतोय? डॉक्टर आलेत का?"

शेजारच्या काकांनी हे ऐकून घेतलं आणि ते समाधानाने आत गेले. चिरंजीवांची रजा गेली ती गेलीच.

"कशी वाटली भेट?" त्यांनी तशाही अवस्थेत विचारलं.

"छान आहे," वडील म्हणाले आणि गाडी सुरू करून निघून गेले. वडील नुसतं "छान आहे" म्हणाले की समजावं, गोष्ट मुळीच आवडलेली नाही. घरात हे मांजरालाही माहीत होतं.

पुढच्याच आठवड्यात आई-वडिलांचं चष्म्यावरून वाजलं. त्यात नवल नव्हतं. त्यांचं रोज सकाळी कशावरून तरी वाजायचं आणि संध्याकाळी भाजी घेऊन परतताना दोघं गप्पा मारत यायची. या वेळी मात्र तोंडं फुगवून गेली आणि तशीच परतली. चष्म्याचं मिटायच्या आत पंख्याचं निघालं. पंख्यावर मावशीचं चढलं, आणि मावशीवरून विषय थेट लग्नातल्या मानपानावर गेला. मग अबोला. एकाच टेबलाशी बसून दोघं चिरंजीवांमार्फत बोलायला लागली.

"तुझ्या बाबांना सांग, चहा ठेवलाय."

"तिला म्हणावं, दिसतोय."

"तुझ्या बाबांना सांग, दिसत असेल तर प्यावा."

चिरंजीवांचा चहा मात्र रोज निवायचा.

शेवटी सूनबाईंनी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. "आई, आधी तुमचं संध्याकाळपर्यंत मिटायचं. आता काय झालंय?"

आई बराच वेळ ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, "अगं, घरात त्यांच्या तोंडून कधी 'चुकलं' निघालंय का? आणि माझ्या तरी? गाडीत बसलं की रेडिओ तापेपर्यंत काही कामच नसायचं. समोर भिंत. एकमेकांकडे बघायलाही नको. तेवढ्यात ते म्हणायचे, सकाळी मी जरा जास्तच बोललो. मी म्हणायचे, मीही काही गप्प नव्हते. तोवर गाणं लागायचं. संपलं. आता बसल्या बसल्या कानाशी बँड. त्यात कोण कुणाला काय सांगणार?"

चिरंजीव पाण्याचा ग्लास घेऊन दाराशीच उभे होते. त्यांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं मागच्या सीटवर बसून आपण फक्त उशीर मोजला. पुढे काय चाललं होतं, ते ऐकायचं सुचलंच नाही. ग्लास तसाच ठेवून त्यांनी गाडी काढली आणि दुकान गाठलं.

"आतला माल?" वूफर म्हणाला. "तो एका हॉटेलवाल्याने नेला. व्हॉल्व्हच्या काचेची बुडं कापून गल्ल्यावर दिवे केलेत. झकास दिसतात!"

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. "मग एक करा. बटण फिरवलं की गाणं उशिरा लागू दे. मिनिटभर तरी."

वूफर आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलला. "साहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी काहीच ठीक नव्हतं, पण चिरंजीवांनी ते सांगितलं नाही. वूफरने आत एक चिप बसवली आणि वर एक रेकॉर्ड केलेली घरघरही फुकट टाकली.

त्या संध्याकाळी चिरंजीव खिडकीला नाक लावून उभे राहिले. खाली गाडीत पिवळा उजेड पडला. घरघर सुरू झाली. बऱ्याच वेळाने गाणं लागलं आणि लगेच बंद पडलं. पुन्हा घरघर, पुन्हा गाणं, पुन्हा बंद.  चिरंजीव अनवाणीच धावत खाली गेले आणि त्यांनी काच ठोठावली.

आईने काच दोन बोटं खाली केली. "काय रे?"

"बिघडलं का?"

"नाही. बाबाच बंद करून पुन्हा लावताहेत. आत्ता कुठे आम्ही पंख्यापर्यंत आलोय. मानपान अजून बाकी आहे. जा तू."

त्या दिवशी भाजी आलीच नाही. जेवताना मात्र वडिलांनी आईकडे स्वतःच्या तोंडाने मीठ मागितलं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी चिरंजीवांना खाली बोलावलं. "बस जरा. पुढे बस."

चिरंजीव आईच्या जागेवर बसले. वडिलांनी बटण फिरवलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. आपल्याला इथे कशाला बसवलंय, हे चिरंजीवांना पक्कं कळलं. त्यांचं वाक्यही तयार होतं. बाबा, तुम्हाला विचारायला हवं होतं, चुकलं माझं. एवढंच.

त्यांनी घसा साफ केला. "बाबा, ही घरघर आहे ना, ती रेकॉर्ड केलेली आहे."

"हं."

"म्हणजे आत एक छोटी चिप आहे. उशीर कमी-जास्तही करता येतो. तुम्हाला हवं असेल तर फोनवरून..."

गाणं लागलं.

वडिलांनी आवाज कमी केला. "आणखी काही?"

"नाही," चिरंजीव म्हणाले. "म्हणजे... तसं काही नाही."

 वडिलांनी बटण बंद केलं. "बरं. मग उतर. आईला पाठव."

आई जिन्यात चपला चढवत होती. तिने वर बघितलं. "बोललास त्यांच्याशी?"

"वेळच कुठे मिळाला?"

"मिनिटभर होतं की," आई म्हणाली. "अरे, तेवढ्यावर आम्ही संसार केला."

ती पिशवी घेऊन खाली गेली. गाडीचं दार लागलं, घरघर सुरू झाली. चिरंजीव आपलं तयार वाक्य घेऊन घाईघाईने फाटकापर्यंत आले, पण गाडीच्या काचा वर होत्या.