पदरच्या साठ बायांची आणि बारा पटींच्या हुकमाची हकीकत

श्रीगजाननास वंदन, आणि लागलीच त्या हातांस वंदन, जे हात सूत धरितात आणि ज्यांचे नाव कोणी लिहीत नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, ते समयी आमचे राज्यात जे वर्तले ते यथातथ्य लिहितो. राज्याचे नाव पुसू नये, लिहिणाराचेही पुसू नये. राज्य आमचे आहे आणि आम्हांस त्याचा अभिमान आहे, इतके पुरे.

त्या काळी रीत ऐसी होती की कारखानदारांस सरकारातून अनुदान मिळे, जमीन अल्प भाड्याने आणि वीज निम्मे दराने, आणि हे सर्व रयतेच्या करातून जाई, आणि कारखान्यांचे थोरले कारभारी त्याच बळावर आपले पगार वाढवीत चालले, आणि खालच्याचा पगार होता तेथेच राहिला. मग दिवाण सत्यभामाबाई यांणी भर दरबारात उभे राहोन हुकूम वाचिला की, "ज्यास रयतेचे अनुदान पाहिजे, त्याने आपल्या पदरच्या लोकांत सर्वांत थोरल्याचा पगार सर्वांत धाकट्याच्या बारा पटींचे आत राखावा. न राखी, तरी खुशाल नफा करावा, परंतु सरकारापुढे पदर पसरू नये." शेजारची राज्ये हसली, म्हणाली यांचे कारखाने आता पळून जातील. हसोत बापडी. एकही पळाला नाही. निम्मे दराची वीज सोडून जातो कोण?

आणि राज्यात एक मोठी कापडगिरणी होती, तिचे थोरले कारभारी अच्युतराव सरंजामे. मनुष्य हुशार, बोलणे गोड, आणि पगार सर्वांत धाकट्याच्या चाळीस पट. धाकट्या म्हणजे कांड्या भरणाऱ्या साठ बाया, ज्या मागाच्या धोट्यासाठी सूत गुंडाळून देतात. अच्युतरावांनी विचार केला की पगार उतरविण्यापेक्षा बायाच उतरवाव्या. मग एक ठेकेदार उभा केला आणि साठही नावे गिरणीच्या हजेरीतून काढून ठेकेदाराच्या हजेरीत घातली. जागा तीच, काम तेच, पगार तोच, फक्त बाया गिरणीच्या नव्हेत. मग गिरणीत सर्वांत धाकटा उरला तो कारकून, आणि त्याच्याशी कारभाऱ्यांचा पगार बरोबर बारा पटींत बसला. कागद दिवाणांकडे गेला, आणि सरकारी मंडळींनी तो उलटासुलटा करून पाहिला, परंतु खोट सापडेना.

त्या बायांत वडील होत्या शेवंताक्का, अठरा वर्षांच्या जुन्या. हजेरीतून नाव गेले आणि त्याबरोबर गिरणीच्या दवाखान्याचा हक्क गेला, आणि त्यांचे यजमानांस दमा, औषध त्याच दवाखान्याचे. मग अक्का कारभाऱ्यांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"सायेब, माझं नाव का काढलं?"

"अहो अक्का, काम सुटलं का तुमचं? मग कशाला जिवाला घोर लावून घेता?"

"काम हाय. पर मी कुणाची हाय, तेच कळंना झालंय."

"बघू पुढच्या महिन्यात," ऐसे म्हणोन कारभारी हसले. आम्हांस आजही ते हसणे आठवले म्हणजे अंगाचा तिळपापड होतो.

मग खंडेनवमी आली. त्या गिरणीची वहिवाट ऐसी की यंत्रांची पूजा जाहली म्हणजे सर्वांत जुन्या हाताने पहिली कांडी भरावी, आणि ती लागल्याविना एकही माग हलू नये. आणि त्या वर्षी मिरवावे म्हणोन अच्युतरावांनी साक्षात दिवाणांस पाहुणे बोलाविले होते. पूजा जाहली, नारळ फुटला, आणि अक्कांस पुढे बोलाविले, तों अक्का जागच्या हलेनात.

"ठेकेदाराच्या बाईनं गिरणीची पयली कांडी कशी भरायची, सायेब? देवाला चालंल का ते?"

हजार माणूस उभे. माग बंद. पाहुणे पाहत बसलेले. परंतु अच्युतरावांच्या जिभेची गोड बोलण्याची सवय जाईना. माईक हाती घेऊन म्हणाले, "असं परक्यासारखं काय बोलता, अक्का? अठरा वर्षं तुम्ही आमच्या पदरच्या! तुम्ही साठजणी नसाल, तर ही गिरणी कुणाची?"

टाळ्यांचा कडकडाट जाहला. मग दिवाण सत्यभामाबाई शांतपणे उठल्या आणि म्हणाल्या, "कारभारी, फार छान बोललात. पुन्हा एकदा म्हणा ना." आणि कारभारी खुलले, आणि छाती काढून पुन्हा म्हणाले, "आमच्या पदरच्या." दिवाणांनी शेजारच्या कारकुनास सांगितले, "दोन्ही वेळचं लिहून घ्या. हुकमात हाच शब्द आहे."

मग कारभाऱ्यांचा चेहरा जो उतरला तो लिहिणे आमचे लेखणीस जमत नाही, परंतु पाहणे जमले, आणि पोट भरून पाहिले. साठही नावे त्याच दिवशी हजेरीत परतली, आणि अक्कांनी कांडी भरली, आणि माग चालले, आणि दुसरे दिवशी दवाखान्यातून औषध मिळाले. कोणी म्हणतात अक्कांनी मुद्दाम डाव टाकिला. आम्ही पुसले, तर म्हणाल्या, "न्हाय वो. मला खरंच कळंना झालतं."

अच्युतरावांचा पगार चाळीस पटींवरून बारांवर आला, आणि ते आठ दिवस हिशेबाचा कागद पुढे घेऊन बसले. नवव्या दिवशी त्यांचे ध्यानी आले की अक्कांस एक रुपया वाढला तर आपणांस बारा वाढविता येतात. मग मालकमंडळींच्या बैठकीत टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "कांडीवाल्या बायांवर किती वर्षं अन्याय करणार आहात?" तेव्हापासून कांडीवाल्यांचा इतका खंदा वकील राज्यात दुसरा नाही.

ऐसे वर्तमान. राज्यांनी गड घेतल्याच्या कथा पुष्कळ ऐकिल्या. आमचे राज्याने एका शब्दावर साठ बाया परत घेतल्या, याचा आम्हांस त्याहून अधिक गर्व आहे. अच्युतरावांचे मन पालटले काय, ऐसे कोणी पुसेल. तिळमात्र नाही. बायांचा पगार मात्र दोनदा वाढला. कळावे.