आकलन शंभर टक्के

देशाचे भवितव्य वाचनावर अवलंबून असते आणि वाचन आकलनावर. आकलन कशावर अवलंबून असते, हे मात्र १९६४ पर्यंत सरकारलाही ठाऊक नव्हते. मग परिपत्रक निघाले. मुलाच्या उत्तरावरून आकलन कळत नाही, कारण उत्तर गुरुजींचे असते; हसू मात्र मुलाचे स्वतःचे असते. सबब विनोदी उतारा वाचून घ्यावा आणि योग्य जागी हसणाऱ्यास तो समजला असे मानावे. (स्मितास अर्धा गुण, हास्यास एक. गडबडा लोळू नये, कपडे मळतात.)

कऱ्हाडजवळच्या एका शाळेतल्या राजाराम गुरुजींना हे फार शास्त्रशुद्ध वाटले. साहेब तपासणीला येईपर्यंत वाटले. उतारा असा होता: एक गृहस्थ थंड हवा खायला पाचगणीस गेले आणि थंडी वाजते म्हणून खिडक्या लावून बसले. साहेब वाट पाहत थांबले. वर्ग गंभीर.

"यात गंमत काय आहे, सांग बरं," साहेबांनी पुढेच बसलेल्या राहीला विचारले.

"काय न्हाई, सायेब. थंडी वाजल्यावर खिडकी लावायचीच की."

आकलन शून्य. पुढच्या खेपेलाही शून्य आले तर गुरुजींची बदली मेढ्याच्या डोंगरात, असे ठरले. गुरुजींना डोंगराचे भय नव्हते. पण मिरजेच्या बाजारातून आणलेली त्यांची म्हैस नुकतीच व्याली होती. ती त्यांच्या बायकोशिवाय कोणाला धार काढू देत नसे, आणि बायको गाव सोडायला तयार नव्हती. म्हणजे मेढ्याला गुरुजी एकटेच जाणार आणि कोरा चहा पिणार. या विचाराने त्यांना खरोखर रडू येई.

त्यांनी कंबर कसली. गुरुजींनी डस्टर टेबलावर टेकवले की हसायचे, एवढा एकच धडा महिनाभर चालला. पाढे मागे पडले, पण हसणे इतके सुधारले की गणिताच्या तासाला फळा पुसायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या तपासणीला डस्टर टेकले आणि वर्ग असा हसला, की उताऱ्यातली गंमत साहेबांनाही पहिल्यांदाच कळली. ते गहिवरले.

"गुरुजी, तुमच्यासारखा माणूस इथं वाया जातोय. मेढ्याकडची मुलं अजिबात हसत नाहीत. सोमवारी तिकडं हजर व्हा."

गुरुजींच्या हातातले डस्टर गळून टेबलावर पडले. सारा वर्ग खदाखदा हसला.

एकटी राही हसली नाही. "आवं गुर्जी," ती म्हणाली, "मग म्हशीचं काय?"

साहेबांनी तिच्या नावापुढे शून्य मांडले.

ते परिपत्रक अजून रद्द झालेले नाही. वाचकांपैकी जे वर कुठे हसले, त्यांचे आकलन शंभर टक्के धरले आहे. हसायचे सोडून ज्यांच्या मनात म्हशीचा विचार आला, त्यांनी पुढच्या तपासणीस पुन्हा बसावे.