नापास स्क्रू

अंबरनाथला आमच्या शेजारी राहणाऱ्या कांबळेकाकांच्या खिडकीत लोणच्याच्या बरण्या होत्या आणि त्यांत मिठाच्या पाण्यात स्क्रू बुडवलेले होते. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी: दुकान कुठलं, बुडवले कधी. गंज दिसला की काका लाल शाईने ‘नापास’ लिहीत. नवा पाहुणा हे लोणचं कशाचं म्हणून विचारी आणि तासभर अडके.

काका कारखान्याच्या तपासणी खात्यातून निवृत्त झाले होते. खातं सुटलं, तपासणी सुटली नाही. अंगणात ठेवायच्या दोन खुर्च्यांसाठी त्यांनी जुन्या सागवानी दारांचे तुकडे कापून, घासून ठेवले होते. फक्त जोडायचं राहिलं होतं, तीन वर्षं. पावसात टिकेल असा स्क्रू सापडत नव्हता.

कोणी कशाचंही कौतुक केलं की ते विचारत, “पावसाला दाखवलंस का?” भाचीला सांगून आलेल्या मुलाबद्दलही त्यांनी हेच विचारलं होतं.

एकदा मी त्यांच्याबरोबर उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या बाजारात गेले. चांगल्या स्टेनलेस स्टीलला चुंबक धरत नाही, असं त्यांचं म्हणणं. गळ्यातल्या दोरीचं चुंबक काढून ते एकेक स्क्रू तपासू लागले. सिंधी दुकानदार हात जोडून म्हणाला, “अंकल, स्क्रू लेना है या दामाद ढूंढना है?”

“दोन द्या. पंधरा दिवस पाण्यात राहिले तर पुढचं बोलू.”

मे महिन्यात आईचं दुखणं हाताबाहेर गेलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तिला एकच हवं होतं, अंगणात बसायचं. पण प्लास्टिकच्या खुर्चीतून ती घसरे. मी काकांजवळ सहज बोलले. त्यांनी बरण्यांकडे पाहिलं. एकही पास नव्हती. मग चपला घालून ते नाक्यावर गेले आणि साधे लोखंडी स्क्रू घेऊन आले. चुंबक न लावता. संध्याकाळी रुंद हातांची खुर्ची आमच्या अंगणात होती.

“वहिनी, स्क्रू बरोबर नाहीत,” ते खाली मान घालून म्हणाले.

“मला कुठे पावसाळा काढायचाय, भाऊजी,” आई म्हणाली.

अकरा दिवस ती त्या खुर्चीत बसली.

आषाढभर खुर्ची बाहेरच भिजली. आत आणायचा धीर मला झाला नाही. सागावर गंजाचे ओघळ उतरले. श्रावणात काका आले, शेवटी पास झालेल्या जातीचे सोळा स्क्रू घेऊन. जुना एक काढायचा, लगेच नवा एक, सहज शिरावा म्हणून साबण चोळून, घालायचा. खुर्ची एकदाही सैल होऊ दिली नाही.

“आता कोण बसणार आहे, काका?”

“तू.”

मी बसते. रोज सकाळी, पुस्तक घेऊन.

दिवाळीत फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांची स्वतःची खुर्ची अजून तुकड्यांतच, भिंतीला टेकलेली. खिडकीत मात्र एक कोरडी बरणी नवी होती. आत आमचे सोळा गंजलेले स्क्रू. चिठ्ठीवर काकांचं अक्षर, या वेळी निळ्या शाईत:

‘वहिनी. अकरा दिवस. पास.’